गच्चीवरचं माकड

कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण रुपीनगरच्या उद्धवरावांनी एकदा एका बसला असा काळाभोर रंग दिला होता, की तिच्यावर टेकायला आलेल्या माशीला स्वतःचं तोंड दिसलं, ती लाजली आणि आल्या वाटेनं उडून गेली. त्या बसच्या दारासमोर उभे राहून तिन्ही शिफ्टचे कामगार दाढी करायचे. शेवटी मॅनेजरला बोर्ड लावावा लागला : 'बस म्हणजे आरसा नव्हे.' तो बोर्डही उद्धवरावांनीच रंगवला, तर लोक बोर्डात बघून भांग पाडायला लागले.

अशी ही गोष्ट. भोसरीतल्या एका बस बांधायच्या कारखान्यात, पेंट शॉपमध्ये, उद्धवरावांनी छत्तीस वर्षं काढली होती. रंगाच्या वाफांनी नाक कामातून गेलं, पण जिभेला कधी गंज चढला नाही. रिटायर झाल्यावर तर जीभ पूर्णवेळ ड्युटीवर आली. मात्र ऐकणारे कमी होत गेले. कट्ट्यावरचे कोंडाजी, मूळचे तळवड्याचे, गोष्ट निम्म्यावर आली की हात झटकायचे. "व्हय, व्हय. अन् माशीनं पावडर लावली का न्हाई, ते ऱ्हायलं की!" बायको सुभद्राबाई तर त्याहून वरताण. "ह्यांच्या बोलण्यातनं थापा काढल्या," त्या म्हणायच्या, "तर नुसती जांभई उरंल."

मनापासून ऐकणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे सून, योगिनी. हिंजवडीतल्या कंपनीतून कॅब सुटायची सहाला आणि वाकडच्या पुलाखाली मुंग्यांनाही वाट मिळू नये अशा गर्दीतून रुपीनगरला पोचायची आठाला. आल्या आल्या ती पाय पसरून सासऱ्यांसमोर बसायची आणि म्हणायची, "हं बाबा, आज काय झालं?" मग दर चार वाक्यांनी एक "मग?" तो "मग?" ऐकायला उद्धवराव दिवसभर थापा जमवून ठेवत.

एका बाबतीत मात्र उद्धवराव थाप मारत नसत. ती बाब म्हणजे घसाई. रंग मारणं कुणीही शिकतं. त्याच्या आधी पत्रा घासणं ही खरी विद्या, असं ते म्हणत. मागच्या दिवाळीत घरातलं लोखंडी कपाट रंगवायला काढलं, तेव्हा त्यांनी योगिनीला बसवून शिकवलं होतं.

"चकचकीत पत्र्यावर रंग धरत नाही, पोरी. सटकतो. हा खरखरीत वॉटर पेपर पाण्यात भिजवायचा आणि पत्र्याचा गर्व उतरवायचा. दोनशेवीसनं खरवडायचं, चारशेनं बसवायचं, सहाशेनं मऊ करायचं. आकडा वाढला की पेपर बारीक."

"आणि घासायचं कसं? असं गोल गोल?"

"गोल गोल नवशिका घासतो! कारागीर सरळ जातो. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दिशेनं, शेतात नांगरानं तास घातल्यासारखं. आता डोळे मीट. घसाई डोळ्यांनी कळत नाही, बोटांनी कळते. सांग, हा कितीचा?"

पहिल्या दोन खेपेला ती चुकली. तिसऱ्या खेपेला डोळे मिटूनच म्हणाली, "चारशे." उद्धवरावांनी सुभद्राबाईंना हाक मारली आणि म्हणाले, "बघ, निरंजनला तीस वर्षांत जे आलं नाही ते हिला तीन मिनिटांत आलं." निरंजन, म्हणजे त्यांचा मुलगा, चाकणला एका कंपनीत क्वालिटीला होता. तो वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं ते आणखी वर धरलं.

तर अशा ह्या योगिनीनं शिमग्याच्या आसपास एक ड्रॉइंग टॅबलेट घेतली. कॅबमधल्या गर्दीत ती वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढायची, ती आता कॉम्प्युटरवर काढायची म्हणून. शाळेच्या पाटीएवढी काळी, पातळ, गुळगुळीत वस्तू. घरात तिचं नावच पाटी पडलं. वायरनं ती निरंजनच्या जुन्या लॅपटॉपला जोडायची. सोबत पेन, त्यात ना शाई ना रिफिल. पाटीवर पेन फिरवायचं. पाटी कोरीच राहते, रेघ उमटते वर स्क्रीनवर.

"म्हणजे खाली काढायचं आणि वर बघायचं?" उद्धवरावांनी विचारलं.

"हो ना. हात इथं, डोळे तिथं. बाबा, आपलाच हात शेजाऱ्याचा वाटतो हो."

पहिले आठ दिवस तिनं नुसत्या रेघा आणि गोल काढले. तिचा गोल बटाट्यासारखा यायचा. पेन जोरात दाबलं की रेघ जाड, हलकं धरलं की केसासारखी. त्याचाही अंदाज येईना. तरी रोज कॅबमधून उतरून, जेवून, ती तासभर बसायची. कारण तसंच होतं. पुण्याच्या एका मुलांच्या मासिकाला तिनं माशीची गोष्ट लिहून पाठवली होती. संपादकबाईंचं उत्तर आलं, गोष्ट घेतो, तीन चित्रं सोमवारपर्यंत पाठवा. खाली छापणार होते : 'गोष्ट उद्धवरावांची, चित्रं योगिनीची.'

उद्धवरावांनी तो निरोप तीनदा वाचून घेतला. जन्मभर त्यांचं नाव छापून आलं होतं ते फक्त पगाराच्या पाकिटावर.

बुधवारी रात्री माशीचं चित्र पुरं झालं. झकास झालं होतं. माशीनं लाजून पुढचे दोन पाय गालावर धरले होते. बस आणि दाढी करणारे कामगार राहिले. बसची लांब सरळ कड काही केल्या जमेना. योगिनीनं पेन खाली ठेवलं, बोटं मोडली आणि सहज म्हणाली, "पेन सटकतंय हो. पाटी फारच गुळगुळीत आहे."

बोलून ती झोपायला गेली. ते वाक्य मात्र उद्धवरावांच्या कानात राहिलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवार म्हणजे भोसरी एमआयडीसीचा रविवार, सुट्टीचा. रिटायर होऊन आठ वर्षं झाली तरी त्या दिवशी उद्धवरावांच्या हाताला काहीतरी घरगुती काम लागायचंच. योगिनी कॅबनं गेलेली, निरंजन फर्स्ट शिफ्ट आणि वर ओव्हरटाइम. सुभद्राबाई बहिणीकडे चिखलीला कुरडया घालायला. घरात उद्धवराव आणि पाटी.

मनात काही पाप नव्हतं. बसच्या अंगावरचा पट्टा ते बारा फूट एका श्वासात ओढायचे, टेप न लावता. त्यातली एक रेघ, एकच, काढून ठेवावी, संध्याकाळी पोरीनं बघावं आणि म्हणावं, "अय्या बाबा!" एवढंच. कोरं पान कसं उघडायचं ते तिनं दाखवलेलं होतं. उद्धवरावांनी हात धुतले, चष्मा पुसला, श्वास रोखला आणि ओढली रेघ.

पाटीवर काहीच नव्हतं. वर बघितलं, तर स्क्रीनवर शेळीच्या पायवाटेसारखं काहीतरी पसरलं होतं.

पुन्हा ओढली. नजर सवयीनं पेनाच्या टोकाशी जायची. टोकाशी काही दिसायचं नाही. म्हणून मान वर करायची, तोवर हात भरकटायचा. दहा झाल्या, वीस झाल्या, चाळीस झाल्या. सरळ एकही नाही. दारू प्यायलेल्या माणसानं दारू प्यायलेल्या माणसाला घरी सोडायला जावं, तशा त्या रेघा. उद्धवराव उठले आणि दाराची कडी लावून आले. बघायला कुणी नव्हतं, तरी लावली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. अख्ख्या भोसरीत ज्याच्या रेघेवर पट्टी ठेवून पट्टीच वाकडी ठरवत, त्याला सातवीतल्या पोराची रेघ येईना.

माणूस लाजला की आधी स्वतःला सोडून सगळीकडे बघतो. उद्धवरावांनी पाटीकडे बघितलं. बोट फिरवून पाहिलं. गुळगुळीत! पोरगी बरोबर म्हणत होती. चकचकीत वस्तूवर काही धरत नाही. म्हणजे चूक हाताची नव्हती, हे लक्षात आल्यावर त्यांना इतका आनंद झाला, की पुढचा विचार करायचं राहूनच गेलं.

वायर काढली. वायर काढली म्हणजे वीज गेली, वीज गेली म्हणजे उरलं ते नुसतं प्लॅस्टिक, असा त्यांचा हिशोब. पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, चारशेचा वॉटर पेपर काढला, मोरीत बादलीत भिजवला, दोन थेंब साबण टाकला. पाटी मांडीवर घेतली आणि सुरू झाले. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दिशेनं, पाणी शिंपडत. किती दिवसांनी हात कामाला लागले होते. खर्र, खर्र. करडं पाणी वाहायला लागलं. बोटांना खालचा गर्व उतरताना कळत होता. उद्धवराव चक्क गुणगुणत होते. पाटीच्या बाजूच्या सहा बटणांच्या फटींतून पाणी आत जात होतं, ते त्यांना दिसलं नाही असं नाही. दिसलं, पण बसच्या पत्र्यालाही फटी असतातच की. नंतर पुसायचं.

नंतर पुसलं. काम इतकं सुंदर झालं होतं, की पेंट शॉपचा जुना फोरमन असता तर पाठीवर थाप मारली असती. मग वायर लावली.

रोज लागायचा तो बारीक पांढरा दिवा एकदा लुकलुकला आणि गेला. पुन्हा लावली. नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला. नाही. पाटी उलटी धरली, तर बटणांतून करड्या पाण्याचा एक थेंब त्यांच्या पायावर पडला.

उद्धवराव बराच वेळ मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिले. मग पाटी पंच्यात गुंडाळली आणि चोरासारखे जिन्यानं गच्चीवर गेले. गच्चीभर कुणाकुणाच्या कुरडया वाळत होत्या. त्यांच्या शेजारी त्यांनी पाटी उन्हात ठेवली आणि पहारा देत बसले. चैत्राचं ऊन; लोखंड वाळलं असतं.

तेवढ्यात कोंडाजी टाकीचा व्हॉल्व्ह बघायला वर आले.

"काय हो उद्धवराव, कुरडयांची राखण?"

"हं."

"अन् हे काय वाळवताय? सुनेची पाटी न्हवं?"

इथं एक शब्द पुरला असता. 'घासली' म्हणायचं, की संपलं. पण उद्या कट्ट्यावर काय होईल ते उद्धवरावांना लख्ख दिसलं. पेंट शॉपचा उस्ताद, सुनेची पाटी भांड्यासारखी घासून बसला! जीभ छत्तीस अधिक आठ वर्षांच्या सवयीनं आपली आपण हलली.

"काय सांगू कोंडाजी! खोटं वाटेल. माकड आलं."

"माकड?"

"भलंथोरलं. देहूरोडच्या डोंगराकडनं आलं असणार. खिडकीतनं शिरलं, पाटी उचलली, नखांनी ओरबाडली आणि नेऊन बादलीत बुचकळली. मी धावलो, तर माझ्यावरच दात विचकलं."

बोलून झाल्यावर ते थांबले. आता कोंडाजी हात झटकतील, 'व्हय, अन् माकडानं साबण लावला का न्हाई' म्हणतील, आपण हसू, आणि हसता हसता खरं सांगून टाकू. उद्धवराव त्या टोमण्याची अगदी वाट बघत होते.

कोंडाजींचा चेहरा गंभीर झाला. "आरं देवा. लागलं न्हाई ना तुमाला? गेल्या साली आमच्या भावजयीचं लुगडं असंच न्हेलं माकडानं. ह्यांचा बंदोबस्त कराया पायजेल."

ह्या माणसानं वीस वर्षांत त्यांची एकही गोष्ट खरी मानली नव्हती. आज मानली. उद्धवरावांना वाटलं, कुरडयांच्या खाली जागा असती तर तिथं शिरावं.

कोंडाजी खाली गेले आणि दहा मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर निरोप फिरला : 'सावधान. एक मोठे माकड इमारतीत शिरून विजेच्या वस्तू पाण्यात बुडवीत आहे. खिडक्या बंद ठेवाव्यात.' तिसऱ्या मजल्यावरच्या स्वप्नालीनं खाली लिहिलं, आपणही सकाळी सावली बघितली होती. आणखी एकानं लिहिलं, दोन होती. वॉचमन काठी घेऊन गेटवर उभा राहिला. बायकांनी पळत येऊन कुरडया उचलल्या. एवढी गोष्ट उद्धवरावांनी जन्मात रचली नव्हती. आता ती त्यांच्या हातचीही राहिली नव्हती.

चारच्या सुमाराला त्यांच्या फोनवर योगिनीचा निरोप आला. त्यांनी चष्मा लावला. पाटीबद्दल काहीतरी असणार, असं धरूनच वाचायला घेतलं.

'बाबा, ग्रुपवर वाचलं. तुम्हाला चावलं नाही ना? ओरखडा जरी असेल तरी लगेच इंजेक्शन घ्यायला लागेल. मी निघू का?'

पाटीबद्दल एक अक्षर नव्हतं.

उद्धवरावांनी 'नाही' एवढंच टाइप केलं. त्या 'नाही'ला पाच मिनिटं लागली. मग गच्चीवरून पाटी खाली आणली, पंच्यात होती तशी योगिनीच्या टेबलावर ठेवली, आणि वॉटर पेपरचा तुकडा पेटीत परत टाकताना त्यांना स्वतःच्या हातांकडे बघवेना. बोटांच्या टोकांवर अजून करडी पूड होती. साबणानं धुतली. पुन्हा धुतली.

संध्याकाळी सुभद्राबाई आल्या, त्या गेटवरूनच माकडाला शिव्या देत. "मेल्याला दुसऱ्या कुणाची वस्तू दिसली न्हाई? पोरीचं एवढं चित्राचं काम आन् हे..." उद्धवराव भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. "माकडानं घाबरवलंय वाटतं," सुभद्राबाई स्वतःशीच म्हणाल्या आणि मीठमोहरी घेऊन त्यांच्यावरून उतरवून टाकली. तीही त्यांनी निमूट उतरवून घेतली.

आठाला योगिनी आली. चप्पल काढायच्या आधी तिनं सासऱ्यांचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले, कोपरापर्यंत. "खरंच लागलं नाही?"

"नाही, पोरी."

मग तिनं पंचा उलगडला. पाटी बघितली. वायर लावली, काढली, पुन्हा लावली. खुर्चीत बसली, पाटी मांडीवर घेतली. सोमवार चार दिवसांवर होता. दोन चित्रं राहिली होती.

"असू द्या," ती म्हणाली. आवाज जरा ओला होता. "माकड बिचारं, त्याला काय कळतंय." आणि सासऱ्यांचा पडलेला चेहरा बघून तिनं रोजच्यासारखे पाय पसरले. "बरं, हं बाबा. कसं झालं ते नीट सांगा."

सुभद्राबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आता माघार नव्हती.

"काय सांगू," उद्धवराव म्हणाले. "एवढं थोरलं होतं. खिडकीत आलं. आधी... आधी खुर्चीत बसलं. तुझ्यासारखं."

"मग?"

"पेन उचललं. पाटीवर फिरवलं, मान वर करून स्क्रीनकडे बघितलं. रेघ येईना. पुन्हा फिरवलं. येईना. मग चिडलं." गोष्ट सांगताना त्यांचे हात नेहमी हवेत नाचायचे. आज ते मांडीखाली होते. "लई लाजलं ते. माकड असून लाजलं."

"मग?"

त्या "मग?"मध्ये आज हसू नव्हतं. योगिनीनं डोळे मिटले होते. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं पाटीवरून हलकेच फिरत होती. डावीकडून उजवीकडे. पुन्हा डावीकडून उजवीकडे. मग वरून खाली. आणि तिथं बोटं किंचित अडखळली.

"मग त्यानं नखांनी ओरबाडली," उद्धवराव घाईघाईनं म्हणाले. "आणि नेली मोरीत. बादलीत बुडवली. मी हाकललं, तर दात..."

"बाबा."

बोटं थांबली होती. डोळे मिटलेलेच होते.

"नखांचे ओरखडे वेडेवाकडे असतात. हे सगळे एका दिशेनं आहेत. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, तास घातल्यासारखे." तिनं डोळे उघडले आणि सरळ त्यांच्याकडे बघितलं. "इतकं सरळ घासणारं माकड मी अजून नाही पाहिलं. पेपर चारशेचाच होता ना?"